वाफेत उतरवलेला स्फटिक

बारामतीच्या पंचक्रोशीत द्रव नायट्रोजन म्हटलं की लोकांना गायी आठवतात. यात हसण्यासारखं काही नाही. उणे एकशे शहाण्णव अंशांचं ते धुरकट पाणी इथं मोटारसायकलच्या मागं गोणपाटात गुंडाळून वस्त्या-वस्त्यांवर फिरतं, आणि त्यात चांगल्या जातीच्या वळूंचं वीर्य काडीएवढ्या नळ्यांत भरून निजवलेलं असतं. त्या नळ्यांना कांड्या म्हणतात. गाय माजावर आली की गोठ्यातून फोन जातो, कांडीवाला येतो, गाय भरवतो, चहा पितो आणि पुढच्या गोठ्याकडं निघतो. पणदऱ्याचे सोपानतात्या हे काम एकतीस वर्षं करत होते. आपल्या हातून जन्मलेली जनावरं मोजली तर तालुक्यातल्या माणसांपेक्षा जास्त भरतील, असं ते छातीठोकपणे सांगत. मोजायला कोण बसतंय!

त्या नायट्रोजनवर डोळा ठेवून दोन वर्षांपूर्वी मोनाली त्यांच्या दारात उभी राहिली होती. बारामतीतल्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि शिकवता शिकवता पीएचडीही करायची. कॉलेजनं तिला जिन्याखालची एक खोली दिली होती. खोलीत भट्टी होती, मीटर होते, एक जुना पण चांगल्या नजरेचा सूक्ष्मदर्शक होता. नव्हती फक्त थंडी.

"किती गायी हायत्या तुमच्याकडं?" तात्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"एकबी न्हाय."

"मग नायट्रोजन काय प्यायचाय व्हय?"

मोनालीनं ओसरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. तात्यांना त्यातलं चार आणे कळलं, पण पोरगी निरवांगी गावची आहे, बोलताना इंग्रजीचा फेस काढत नाही, हे त्यांना पसंत पडलं. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ते तीन लिटरचा छोटा कॅन घेऊन कॉलेजात यायचे. मोबदला म्हणून त्यांनी एकच मागितलं होतं. प्रयोग चालू असताना त्यांना खुर्ची टाकून बसू द्यायचं.

प्रयोग असा होता. टँटलम आणि गंधक, वर चिमूटभर सेलेनियम, हे सगळं काचेच्या बंद नळीत घालून मोनाली भट्टीत आठ-दहा दिवस तापवायची. त्यातून नखाएवढे काळे चकचकीत स्फटिक तयार व्हायचे. अभ्रकासारखे, पापुद्र्यावर पापुद्रा. हा स्फटिक तसा धातूच. वीज त्यातून बिनबोभाट वाहते. पण थंड करत नेला की उणे शंभर-एकशे दहाच्या आसपास त्याची लहर फिरते. वीज एकदम अडते. काही तुटलेलं नसतं, काही जळलेलं नसतं, एक अणू कमी झालेला नसतो, तरी तीच वस्तू धातूची वीजरोधक होऊन बसते.

"असं कसं व्हईल?" तात्यांनी तेव्हा विचारलं होतं. "वायर तीच, करंट त्योच."

मोनालीनं त्यांना पंगतीचं उदाहरण दिलं होतं. स्फटिकातले अणू थंडीत तेरा-तेराचे घोळके करतात, चांदणीसारखे. प्रत्येक चांदणीच्या वाट्याला एकच मोकळा इलेक्ट्रॉन येतो. आता इलेक्ट्रॉन एकमेकांना मुळीच सोसत नाहीत. पंगतीत प्रत्येक पाटावर एक-एक माणूस बसलाय आणि कुणीच आपल्या पाटावर दुसऱ्याला टेकू देत नाही, तर पंगत सरकणार कशी? पाट आहेत, माणसं आहेत, दाराला कुलूप नाही, तरी सगळे जिथल्या तिथं. पुस्तकातलं सोपं गणित एकेका इलेक्ट्रॉनला एकटा समजून मांडतात, आणि त्या गणिताप्रमाणं हा धातूच असायला हवा. इथं ते गणित तोंडावर आपटतं, कारण इथं एकाचं वागणं दुसऱ्यावर अवलंबून असतं.

"म्हंजी भावकीच की," तात्या म्हणाले होते.

मोनालीला ही व्याख्या इतकी आवडली की तिनं ती तिसऱ्या वर्षाच्या मुलींना वर्गात सांगितली.

तर, जाड स्फटिक अगदी शहाण्यासारखे वागायचे. छोट्या कॅनमध्ये स्फटिक बुडवला की मीटरवरचा आकडा टुणकन उडी मारायचा. पण तिचा विषय होता पातळ पापुद्रे. केसाच्या जाडीचे पाचशे भाग करावेत, त्यातला एक, एवढे पातळ. चिकटपट्टीनं सोलून सोलून काढलेले. इतक्या सपाट जगात इलेक्ट्रॉनला वर-खाली जायला जागाच उरत नाही, सगळी भावकी एकाच ओट्यावर, मग तिथं वीज कशी आणि कधी अडते, हे तिला पाहायचं होतं. आणि पातळ पापुद्रे काही केल्या उडी मारत नव्हते. दोन वर्षांत एक्केचाळीस पापुद्रे झाले. एकाहत्तर वेळा चंदेरी लेप लावून तारा जोडल्या, त्यातल्या तीस वेळा तारा निसटल्या, उरलेल्या एक्केचाळीस वेळा पापुद्रा उणे एकशे शहाण्णवपर्यंत धातूचा धातूच राहिला.

त्या शनिवारी तात्या आले तेव्हा मोनालीचं तोंड उतरलेलं होतं. तिला लपवायला जमत नसे.

"काय झालं मॅडम? रात्री जेवला न्हाय का?"

"जेवले. तात्या, आज शेवटचं बघायचं."

गुरुवारी तिच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडमचा पुण्याहून फोन आला होता. मॅडम वाईट नव्हत्या. उलट चार वर्षं त्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं. पण त्या स्पष्ट बोलायच्या. पातळ पापुद्र्यांत काहीच दिसत नाही याचा अर्थ स्फटिकातच खोट आहे, त्या म्हणाल्या. सोमवारी ये, जे असेल ते घेऊन ये. नसेल काही तर हा विषय आपण बंद करू. भट्टी आमचीच आहे, ती दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊ, तू जूनपासून पूर्णवेळ पुण्यात राहा आणि संगणकावरचं काम घे. तीन वर्षांत पदवी हातात.

लोक अशा संधीसाठी देव पाण्यात घालून बसतात, हे मोनालीला ठाऊक होतं. पण तिला जायचं नव्हतं. जळोचीत तिच्या दोन खोल्या होत्या, खिडकीतून शेजाऱ्यांचा मक्याचा तुकडा दिसायचा. संध्याकाळी कालव्याच्या कडेनं चालत जाण्यात तिला जे सुख व्हायचं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. वर्गातल्या मुली होत्या. रविवारी स्कूटीवरून निरवांगीला जायचं, आई अंगणवाडीच्या नोंदी करत बसलेली असायची, तिच्या शेजारी बसून भेंडी निवडायची. वडील गेल्यापासून आई एकटीच होती. आणि या सगळ्यापेक्षा एक हट्ट होता. हे काम जिन्याखालच्या खोलीत, बारामतीत, होऊ शकतं हे तिला दाखवायचं होतं. आईला फोन केला तर आई एका शब्दात म्हणाली होती, "जा." इतक्या ठामपणे, की मोनालीला थोडं लागलंच.

"बसा तात्या," ती म्हणाली आणि कामाला लागली.

बेचाळिसावा पापुद्रा तिनं आदल्या दिवशीच जोडून ठेवला होता. पातळ नळीच्या टोकाला तो बसवलेला, चार तारा, शेजारी तापमापक. छोट्या कॅनचं झाकण काढलं, पांढरी वाफ काठावरून खाली सांडली, आणि तिनं नेहमीच्या सफाईनं नळी आत घातली. दोन मिनिटांत काम तमाम. झाकणाच्या फटीत कापडाचा बोळा कोंबला. मीटरवर चौतीस ओहम, तीस, सत्तावीस. उडी नाही. स्फटिक खाली जाऊन गप्प बसला, धातूचा धातू.

मोनाली स्टुलावर बसली. तिला रडू आलं नाही, नुसतं रिकामं रिकामं वाटलं. आपल्या हातालाच यश नाही, असं तिच्या मनात आलं. सोलताना पापुद्रा दुखावत असणार, लेप लावताना काहीतरी बिघडत असणार. आपण मुळात या कामाच्याच नाही.

तात्या मीटरकडं न बघता कॅनकडं बघत होते. बराच वेळ त्यांनी हनुवटी खाजवली.

"मॅडम, एक इचारू का? राग न्हाय ना येणार?"

"इचारा."

"तुमी त्याला असं भसकन बुडवता कशापायी?"

"मग कसं बुडवायचं?"

"न्हाय, मी आपलं इचारतो. दोन वरसं बघतूय. घातला की बुडवला, घातला की बुडवला. म्हशीला तळ्यात ढकलल्यावानी."

मोनाली थोडी वरमली. "तात्या, झाकण जितका वेळ उघडं, तितका नायट्रोजन उडून जातो. हळूहळू घालत बसले तर निम्मा कॅन हवेत जाईल. तुमच्या गायींचा हाय तो."

"म्हंजी?" तात्यांचा आवाज चढला. "तुमी माझा नायट्रोजन वाचवताय?"

"व्हय."

"दोन वरसं?"

मोनालीनं मान डोलावली. ती लहान असताना निरवांगीला त्यांच्या वाट्याला विहीर नव्हती. शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाण्याची पाळी मिळायची, आणि आईची शिस्त कडक होती. दुसऱ्याचं पाणी आहे, चटकन भिजवा, चटकन मोटर बंद करा, पुढच्याला खोळंबा नको. सरी पुरती ओली झाली नाही तरी चालेल, पण उपकाराला ताण द्यायचा नाही. ही सवय मोनालीच्या अंगात इतकी मुरली होती की ती सवय आहे हेच तिला कधी दिसलं नव्हतं.

तात्या मात्र भडकले होते. "पोरी, पाव्हण्याच्या घरी पानावर बसायचं आन् भाकरीचा कोर मोडायचा न्हाय, ही कुठली रीत? मी काय तुला मोजून दिला व्हता? आदी मला एकदा तरी इचारायचंस!" रागात ते मॅडमवरून पोरीवर आले होते. "आन् आमच्या धंद्यातलं सांगतो, ऐक. मी तरणा असताना तीन म्हयनं वीर्य गोठवायचं शिकाया गेलो व्हतो. तितं पयला धडा ह्योच. आदी चार डिगरीला चार तास ठेवायचं. मग वाफंत धरायचं, नायट्रोजनच्या वर, नुसत्या वाफंत. मग बुडवायचं. थेट बुडवलं की मेलंच समदं. जीव असलेल्या वस्तूला सावरायला येळ लागतोय."

"तात्या, हा दगड हाय. याच्यात जीव..."

आणि मोनाली तिथंच थांबली.

चांदण्या. तेरा-तेरा अणूंच्या चांदण्या वरच्या तापमानालाही असतात, पण विस्कळीत, तुकड्या-तुकड्यांनी. वीज अडायची तर त्या सगळ्या चादरभर एका ओळीत लागायला हव्यात. हे लागणं कुठंतरी एका ठिकाणी सुरू होतं आणि पसरत जातं. जाड स्फटिकात पापुद्रे पुष्कळ, सुरुवात व्हायला जागा पुष्कळ. घाईघाईतही कुठंतरी ठिणगी पडते. पातळ पापुद्र्यात सुरुवात करणारंच कुणी नाही. त्याला दोन मिनिटांत उणे एकशे शहाण्णवला नेऊन आपटलं तर तो बिचारा आहे त्या विस्कळीत अवस्थेतच गारठून बसणार. थंड करण्याच्या वेगाचा परिणाम होतो हे तिनं वाचलंही होतं. पण जाड तुकडे बुडी मारताच उडी मारायचे, म्हणून ती ते वाचून विसरली होती. तिच्या वहीत जाडी होती, तापमान होतं, तारांची लांबीसुद्धा होती. किती वेळात थंड केलं, हा रकानाच नव्हता. मॅडमनीही कधी विचारलं नाही, कारण पुण्याच्या यंत्रात बटण दाबून माणूस जेवायला जातो आणि यंत्र आपल्या चालीनं चार तासांनी खाली पोचतं.

"तात्या," ती म्हणाली, "मला मोठा कॅन पायजे. उंच मानेचा. निम्मा भरलेला."

"आता कशी बोललीस!"

तात्या पणदऱ्याला जाऊन दीड तासात परत आले. घरच्या दोन मोठ्या कॅनपैकी एकातल्या कांड्या त्यांनी दुसऱ्यात हलवल्या होत्या आणि कांड्या काढलेला पस्तीस लिटरचा कॅन शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून आणला होता. आत लाकडी पट्टी बुडवून त्यांनी वर काढली. पट्टीवर जिथपर्यंत पांढरं हिंव चढलं होतं तिथं बोट ठेवून म्हणाले, "वीतभर हाय. त्याच्या वर समदी वाफ. बास का?"

पापुद्रा तोच होता, बेचाळिसावा. मोनालीनं तो खोलीच्या तापमानाला येऊ दिला, तारा तपासल्या. रसायनशास्त्राच्या खोलीतून स्टँड आणला. नळी स्टँडच्या पकडीत धरली आणि पेच अगदी सैल ठेवला. हिशेब असा होता, मिनिटाला साधारण एक अंश. म्हणजे दर मिनिटाला नळी गव्हाच्या दाण्याइतकी खाली सोडायची, आणि आकडा बघून कमी-जास्त करायचं.

"हात माझा," तात्या म्हणाले. "तुमी आकडं वाचा."

राग उतरला होता, ती पुन्हा मॅडम झाली होती.

एकतीस वर्षं अंधारात, गायीच्या पोटात, नुसत्या स्पर्शावर काम केलेला तो हात होता. तो जराही कापत नव्हता. मोनाली तापमान वाचायची, तात्या दाणाभर नळी सोडायचे, पेच आवळायचे. उणे वीस. उणे तीस. बाहेर कॉलेज सुटल्याचा गलका झाला आणि ओसरला. तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथी आणि लाल ठेचा. तात्यांनी डाव्या हातानं घास घेतले, उजवा नळीवरच ठेवला. वाफ कॅनच्या तोंडाशी घुटमळत होती. मोनालीला वाटलं, दोन वर्षांत ही पहिलीच वेळ, की आपण या खोलीत घाई करत नाही आहोत. एवढ्या भीतीतही तिला बरं वाटत होतं.

उणे पंचाहत्तरला तात्यांचा फोन वाजला. मोनालीनं तो त्यांच्या कानाला धरला. पणदऱ्याचा अविराज होता, गोठ्यावरून. गाय सकाळपासून माजावर आहे, कधी येताय?

"सकाळी माज दाखवलाय न्हवं? मग सांजंला कांडी. आत्ता भरवली तर उलटंल, पुन्ना एकवीस दिसांनी माझ्या नावानं बोंब मारशील. सहाला येतो." आणि मोनालीला म्हणाले, "बंद करा. ह्या पोरांना सदा घाई."

उणे नव्वद. उणे शंभर. मीटरवर चौतीसचे तीस झाले होते, आकडा अगदी नेहमीसारखा उतरत होता. उणे एकशे दहा आलं. जाड स्फटिक इथं उडी मारतात. मोनाली मीटरवर वाकली. एकोणतीस पूर्णांक आठ. एकोणतीस पूर्णांक सात.

"झालं तात्या," ती म्हणाली. "उडी इथंच असते."

"तुमीच म्हणता पातळ न्यारा असतोय. मग त्येचं ठिकाण तेच कशावरनं?"

"तरी..."

"आकडा वाचा."

उणे एकशे चौदा. उणे एकशे सोळा. तात्यांनी नळी दाणाभर सोडली, पेच आवळला. उणे एकशे एकोणीसला आकडा एकोणतीसवर थबकला. मग तीस झाला. मोनालीला वाटलं तार हलली. एकतीस. छत्तीस. ती उठून उभी राहिली. बावन्न, ऐंशी, एकशे चाळीस. तात्यांचा हात आपोआप थांबला. कुणी नळीला हात लावला नव्हता, कुणी काही केलं नव्हतं, आणि आकडा दोनशेच्या वर गेला, तीनशे ओलांडून सावकाश वर चढत राहिला.

"अडला?" तात्यांनी विचारलं.

"अडला!" मोनाली ओरडली. "तात्या, अडला! बसली पंगत!"

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तात्यांनी मात्र लाजून दुसरीकडं बघितलं आणि उगाच पट्टी बुडवून पातळी मोजली. चार बोटं कमी झाली होती. त्यांनी पट्टी पुसून बाजूला ठेवली.

मोनाली भानावर आली ती एका विचारानं. तिनं नळी सावकाश वर घेतली. स्फटिक आता दुसऱ्या हट्टाला पेटला होता, उणे साठपर्यंत अडूनच राहिला आणि मग सुटला. खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा चौतीस ओहम. पापुद्रा तोच, तारा त्याच. मग तिनं नळी भसकन आत घातली, जुन्या पद्धतीनं, दोन मिनिटांत. सत्तावीस. धातूचा धातू. एकाच पापुद्र्यानं एकाच दिवशी दोन्ही रूपं दाखवली होती. पुन्हा सावकाश उतरवायला वेळ नव्हता, पण आता त्याची गरजही वाटत नव्हती. खोट स्फटिकात नव्हती आणि तिच्या हातातही नव्हती.

तिनं मॅडमना फोन लावला. तात्या ऐकत बसले होते, म्हणून तिनं स्पीकर चालू केला आणि न थांबता सगळं सांगितलं. विहिरीच्या पाळीचं तेवढं गाळलं. राजेश्वरी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"मोनाली," शेवटी त्या म्हणाल्या, "याआधीचे सगळे पापुद्रे तू किती वेळात थंड केलेस?"

"दोन मिनिटांत."

"सगळे?"

"हो मॅडम. एक्केचाळीसही. चूक माझी आहे, मी वेग लिहिला नाही."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"सोमवारी पुण्याला येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

तात्यांनी चमकून मोनालीकडं बघितलं.

"ऐकते आहेस ना? आमचं यंत्र दोन मिनिटांत थंड होऊच शकत नाही. कितीही घाई केली तरी तासाच्या आत ते खाली पोचत नाही. हे पापुद्रे घाईत धातूच राहतात, हे आमच्याकडं कुणाला कधी दिसलंच नसतं. तुझ्याकडं वेगवेगळ्या जाडीचे एक्केचाळीस पापुद्रे घाईनं थंड केलेले आहेत. आता तेच सावकाश थंड कर. कुठल्या जाडीला किती सबुरी लागते, हा तुझा प्रबंध. तो तुझ्या कॅनमध्येच होईल, इथं नाही. भट्टी कुठंही जात नाही. मीच येते पुढच्या शनिवारी बघायला." मग थोडं अडखळून म्हणाल्या, "आणि मी स्फटिकांना नावं ठेवली. मला आधी विचारायला हवं होतं."

मोनालीला "हो मॅडम" एवढंच म्हणता आलं.

"तुझ्या त्या गृहस्थांना चालेल ना मी आलेलं?"

तात्या खुर्चीत ताठ झाले. मोबाइलकडं झुकून, दूरच्या माणसाशी बोलावं तसे मोठ्यांदा म्हणाले, "या की बाई! फकस्त धाच्या आत नगं. तवा माजाचं फोन असत्यात."

पावणेपाचला कॅन पिकअपमध्ये चढला. अविराजच्या गायीसाठी तात्यांना आधी घरी जाऊन कांडी घ्यायची होती. जाताना त्यांनी मोनालीच्या पाठीवर हलकी थाप मारली, "उद्या झोप काढा," म्हणाले आणि गेले.

मोनालीनं खोलीचं दार लावलं, वही उघडून नवा रकाना आखला आणि निरवांगीला फोन लावला.

"आई, जूनमधी मी कुठं जात न्हाय. हितंच राहणार. काम हितंच व्हनार हाय."

"बरं," आई म्हणाली.

एवढंच. मोनाली वाट बघत राहिली. गावाकडं रेंज जाते, तिला वाटलं फोन कटला. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई? रडतीयास व्हय?"

"तू माझ्यापायी अडून बसू नगंस, म्हणून जा म्हनले," आई म्हणाली. "दोन दीस झालं, घास गिळत न्हवता मला."